थोरल्या पेटीचा नवा पत्ता

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. एका कचेरीत भिंतीवर एक लहान पेटी राहायची. संगणकानं एखाद्या संकेतस्थळाचं नाव विचारावं, तिनं त्याचा पत्ता सांगावा. तिला ठाऊक नसलं, की ती दूरच्या थोरल्या पेटीला विचारायची आणि थोरली मायेनं सांगायची.

आज मात्र उत्तरच येईना.

"अगं, लवकर सांग," संगणक म्हणाला. "दवाखान्याचं नाव आहे. कचेरीतल्या बाईंना त्यांच्या आईचा अहवाल बघायचाय."

पेटी हाका मारून थकली. "प्रिंटरदादा, थोरली रुसली का हो माझ्यावर?"

शेजारचा प्रिंटर खोकला. "रुसतेय कसली, वेडे! काल रात्रीच तिनं जागा बदलली. नव्या पत्त्याची चिठ्ठी महिन्यापूर्वीच मी छापली, माणसांनी दाराला चिकटवली. तुला सांगायचं राहिलंच. तू रिकाम्या घराला हाका मारतेयस. पत्ता मला पाठ आहे, घे. तीही तुझ्या हाकेची वाट बघत असेल."