लिंबू थांबलं होतं

डोंगरपेठ संस्थानचे सेनापती व्यंकटराव नव्या बंदुकीवर भारी खूश होते. दोनशे पावलांवरचं लिंबू ती नेमकं फोडायची. पण त्याच बंदुका घेऊन दरोडेखोरांवर गेलेली तुकडी एकही गोळी न झाडता परतली.

नदीकाठच्या मैदानावर, सगळ्या फौजेसमोर सेनापतींनी त्या तुकडीचा नाईक भिकाजी धुमाळ याला भेकड ठरवलं. "बंदूक कधी चुकत नाही. तुमची छातीच कच्ची!"

भिकाजी शरमेने काळवंडला. म्हणाला, "सरकार, आम्ही गेलो तसे एकदा नदीतून जाऊन या, आणि मग लिंबू फोडा."

सेनापती बंदूक घेऊन हसतच पाण्यात उतरले. गाळ तुडवत, वाळूत घसरत चिखलाने माखून परतले. गोळी भरायचा दांडा मागे ओढला, तर तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना.

"सावकाश, सरकार," भिकाजी म्हणाला. "लिंबू थांबलंय. दरोडेखोर थांबले नव्हते."

कुणीही हसलं नाही. बंदुका घडवणारा उस्मान चाचरत म्हणाला, "नेमासाठी सगळे भाग घट्ट बसवलेत, वाळूच्या कणालाही जागा नाही. थोडे सैल ठेवले तर बंदूक चिखलातही चालेल, पण नेम चार बोटं चुकेल."

"चुकू दे," सेनापती पुटपुटले. भिकाजीकडे बघायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.