कोंडवाड्यातली सभा

पाहुणे, आमच्या कासारवेढ्याच्या नगरपालिकेला वरच्या मजल्यावर चांगलं सभागृह आहे. पंखे आहेत, गादीच्या खुर्च्या आहेत. पण मोकाट जनावरांचा नियम किंवा दंड बदलायचा असला, की सगळे सदस्य खाली उतरतात आणि समोरच्या कोंडवाड्यात, भर उन्हात, जमिनीवर बसतात. मागच्या महिन्यात कुत्र्यांच्या परवान्याची फी ठरली ती इथेच. भाषणं अजिबात लांबली नाहीत. हसू नका, यामागे एका कुंभारणीची शपथ आहे, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. बाजारात मोकाट गुरांचा नुसता सुळसुळाट झाला होता म्हणे. नगराध्यक्ष दादासाहेब शेंद्रे मोठे कडक. त्यांनी नवा कायदा केला: दंड चौपट, आणि आठ दिवसांत मालकाने सोडवलं नाही तर जनावराचा लिलाव. कलमं चांगली पंचवीस झाली. फक्त कोंडलेल्या जनावराला चारा कोणी घालायचा, हे लिहायचं राहून गेलं. आमचं गाव पहिल्यापासूनच हुशार!

पहिलं सापडलं ते गौरा कुंभारणीचं गाढव, हौशा. त्याने नगरपालिकेच्या बागेतला मोगरा फस्त केला होता. विधवा बाईचं ते एकुलतं एक जनावर, माती वाहायची ती त्यानेच. ते लिलावात गेलं की तिचं चाक कायमचं थांबणार. दंड भरण्याची ऐपत नव्हती. ती तडक कोंडवाड्यात शिरली, हौशाच्या गळ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "ह्याच्या तोंडात घास पडल्याबिगर मी अन्नाला शिवणार न्हाई!"

राखणदार सिदराम नियमाचा पक्का. आत गेलेलं दंडाशिवाय बाहेर सोडायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक. त्याने बाईसकट कडी घातली.

अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली होती. पितरांसाठी घरोघर नवी घागर लागते, आणि साऱ्या गावाच्या घागरी गौराच्या भट्टीत कच्च्याच रचलेल्या. दुसऱ्याची भट्टी पेटवायची रीत नाही. बायकांचा धीर सुटला. दादासाहेबांच्या आई सईबाई यांनी लेकालाच फैलावर घेतलं, "तुझ्या बापाला पाणी कशात देऊ? जा, सोडव तिला."

दादासाहेब सुटकेचा हुकूम घेऊन आत गेले. सिदरामने मागून कडी घातली.

"साहेब, कायदा तुमचाच हाय. दंड भरल्याबिगर कुणीबी सुटायचं न्हाई."

दादासाहेबांच्या खिशात दमडी नव्हती. वैशाखाचं ऊन, ना सावली, ना पाणी. हौशा भुकेने भिंतीचा चुना चाटत होता. ते पाहून दादासाहेबांना मनापासून लाज वाटली. त्यांनी सगळ्या सदस्यांना तिथेच बोलावलं. जो येई तो अडके. दुपारपर्यंत एकमताने ठराव झाला: यापुढे दंड म्हणजे गवताचा एक भारा, तोही सोडवायला येणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर आणायचा. कोंडलेल्या जनावराचं चारा-पाणी नगरपालिकेकडे, आणि जनावरांचा नियम ठरवायचा तो इथेच बसून.

नव्या कायद्याचा पहिला भारा सईबाईंनी आणला म्हणे, आपल्या लेकाला सोडवायला. तो हौशाने खाल्ला. मागोमाग गावातल्या बायका भारे घेऊन आल्या आणि गौरा, हौशा, सदस्य, सगळेच सुटले. गौरा हमसून रडली, चार घास जेवली आणि भट्टी पेटवायला धावली. भट्टीतून निघालेली पहिली घागर तिने भरली, ती कोंडवाड्यातल्या जनावरांपुढे ठेवली.

आजही अक्षय तृतीयेला गावातली पहिली घागर तिथेच जाते. पितरांना थोडं थांबावं लागतं. अजून एकाही पितराची तक्रार आलेली नाही.