देणगीदारांच्या शेजारची पाटी

ज्ञातिमंडळाच्या मंगल कार्यालयातल्या सभेत शिक्षणकर्जांच्या व्याजमाफीचा विषय निघाला, तशी वैजयंता उभी राहिली. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणकर्जाचा पुढचा हप्ता अध्यक्ष तात्यासाहेब खोपड्यांनी सही केली तरच मिळणार होता.

"व्याजमाफी गरजूंनाच द्यावी," ती कशीबशी म्हणाली. "सगळ्यांत वाटली तर कुणालाच पुरायची नाही."

तात्यासाहेबांचे दोन्ही मुलगेही मंडळाच्याच कर्जावर शिकले होते, आणि माफीसाठी त्यांचेही अर्ज आले होते. तात्यासाहेब कडाडले, "गरजू ओळखायचा कसा? उत्पन्नाचे दाखले कुणीही आणतं! आत्ता उपाय सांग, नाहीतर तुझा हप्ता बंद!"

वैजयंताची नजर मंगल कार्यालयाच्या दारातल्या देणगीदारांच्या पाटीवर गेली.

"तात्यासाहेब, मागेल त्याला माफी द्या. फक्त घेणाऱ्यांची नावं त्या पाटीशेजारी लावा. वर लिहा, 'यांना परवडत नव्हतं.' पहिलं नाव माझं घाला."

तात्यासाहेबांनी घाम पुसला. येत्या रविवारी थोरल्याच्या साखरपुड्याला सोयरे त्याच दारातून आत येणार होते.

"पाटी कशाला उगाच?" ते पुटपुटले. "आमच्या दोन्ही मुलांचे अर्ज मागे घेतो."

बघता बघता आणखी अकरा अर्ज मागे गेले. वैजयंता मटकन खाली बसली.