ज्याच्या नावाचा घास

एकदा एक कापडाचा मोठा व्यापारी आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन एका वृद्ध वैद्यबाईंच्या दारी आला. सोबत बायको होती आणि जेवणाचा भरगच्च डबा. वैद्यबाईंच्या हाताला गुण होता आणि जिभेला धार. पंचक्रोशीत ख्याती दोन्हींची होती. त्यांच्या हाताखाली शिकणारी शिष्या पाणी घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलगी ओटीवर टेकून बसली होती. मेण्यातून उतरून दारापर्यंत आली, तेवढ्यानेच तिला धाप लागली होती. तिचं नाव गोदा. ती कोणाकडेही बघत नव्हती.

"काय होतंय हिला?" वैद्यबाईंनी विचारलं.

"तसं काही नाही, बाळसं आहे," आई म्हणाली. "पण हल्ली चार पावलं टाकली की खाली बसते. गुडघे दुखतात म्हणते."

"बाळसं पाळण्यात शोभतं. नऊ वर्षांच्या पोरीला धाप लागते, त्याला दुखणं म्हणायचं."

व्यापारी हात जोडून म्हणाला, "वैद्यबाई, सांगाल ते औषध कुठूनही आणवतो. फक्त तिचं खाणं तोडू नका. माझ्या घरातलं लेकरू पानावरून उपाशी उठलेलं मला सोसवणार नाही."

वैद्यबाईंनी गोदेची नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग सरळच म्हणाल्या, "असंच चाललं तर ही विशीत म्हातारी होईल. हृदय आत्ताच ओझं वाहतंय."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शिष्या मात्र तत्परतेने खलबत्त्याकडे वळली. तीन वर्षांच्या अध्ययनानंतर तिला निदान कठीण वाटलं नाही. पोर हावरट आहे, तिच्या मनाने ठरवून टाकलं. भूक मंदावणारं चूर्ण दिलं की झालं.

"खल राहू दे," वैद्यबाई म्हणाल्या. "आधी पानं मांड. डबा आणलाय ना यांनी? जेवू या."

शिष्या चक्रावली. औषध मागायला आलेल्याला आधी जेवण? पण बाईंना उलट प्रश्न विचारण्याची तिची प्राज्ञा नव्हती. पानं मांडली गेली. पुऱ्या, श्रीखंड, मसालेभात. गोदेने दोन पुऱ्या खाल्ल्या, थोडा भात खाल्ला आणि पान पुढे सरकवलं.

"पोट भरलं," ती म्हणाली.

शिष्येला हे अपेक्षित नव्हतं. पण वडिलांचा हात तोवर वर आलाही होता. "हा एक घास बाबांच्या नावाचा." मुलीने मुकाट्याने तोंड उघडलं. "हा आईच्या नावाचा." पुन्हा उघडलं. तान्ह्या मुलाला चार घास जास्त जावेत म्हणून आपण नावं घेऊन भरवतो, तेच हे. दात आले की ते थांबायला हवं. या घरी ते थांबलंच नव्हतं.

"आणि हा मामाच्या—"

वैद्यबाईंनी त्याचं मनगट धरलं. "कोणाच्या नावाचा म्हणालात?"

"मामाच्या. माझ्या बायकोच्या भावाच्या."

"तो आज इथे नाही. त्याचे मेहुणे आहेत. तोंड उघडा."

व्यापारी हसला. वैद्यबाई हसल्या नाहीत, तेव्हा त्याने तोंड उघडलं. मग घासाघासाला मामी आली, आजोबा आले, काका, काकू, चुलत आजी आली. बाईंनी सगळं गणगोत उठवलं. "ही तुमच्या दुकानातल्या दिवाणजींची पुरी. चांगला माणूस आहे, त्याला नाही म्हणू नका."

"बाई, पुरे. पोट भरलं माझं."

"एकच. विहीणबाईंच्या नावाचा. अजून व्हायच्यात, पण होतील."

त्याने तळहात तोंडावर धरला. "नको म्हटलं ना."

बाईंनी घास पानात ठेवला आणि हात पुसला. "बघा शेठ. तुम्ही नको म्हणालात, मी थांबले. पोरीने आजवर किती वेळा म्हटलं असेल?"

"रोज म्हणते," गोदा म्हणाली. तिने पहिल्यांदाच मान वर केली होती. "पण नाही खाल्लं की बाबा रडवेले होतात. म्हणून खाते."

व्यापाऱ्याने पानातल्या घासाकडे पाहिलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आम्ही पाच भावंडं. आई एक भाकरी पाच जणांत मोडायची आणि स्वतः पाणी प्यायची. मी तेव्हाच ठरवलं होतं..."

"ती भूक खरी होती," वैद्यबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एवढ्यापुरता मऊ झाला. "पण ती तुमची. चाळीस वर्षांपूर्वीची तुमची भूक या पोरीच्या पोटात भरून मिटायची नाही, शेठ. तिला हावरट म्हणतील लोक, चिडवतील, आणि ती ऐकून घेईल. घास उचलला कोणी? दाराशी मेणा लावला कोणी? गुडघ्यांना लेप मी देते. बाकीचं औषध तुम्ही दोघांनी घ्यायचं. ज्याच्या नावाचा घास, त्याने खायचा. आणि उद्यापासून मेणा बंद. तिच्याबरोबर रोज चालायचं. पुढे नाही, मागे नाही, बरोबर."

हावरट हा शब्द शिष्येच्या कानात कढत तेलासारखा उतरला. तो तिचाच होता. तिने खल उचलून फळीवर ठेवून दिला.

आठ महिन्यांनी व्यापाऱ्याच्या घरी कार्य निघालं. वैद्यबाईंनी शिष्येला पाठवलं. गोदेचा चेहरा गोलच होता, तो तसाच असायचा होता. पण ती मांडवभर पोरींमागे धावत होती आणि धाप तिला नव्हे, पोरींना लागत होती.

पंगत बसली. गोदा जेवली आणि तिने पानावर हात आडवा धरला. तेवढ्यात तिची आत्या जिलबी घेऊन आली. मोठी, मानाची, न ऐकणारी बाई.

"एक माझ्या नावाची."

"आत्या, पोट भरलं."

"शपथ आहे माझी. आत्याला नाही म्हणतेस?"

पंगत थबकली. शिष्येने पाहिलं, व्यापाऱ्याचा हात पानाकडे गेला. जुनी सवय होती ती. मग त्याने बहिणीच्या हातातून जिलबी घेतली आणि तिच्याच तोंडापुढे धरली.

"ताई, पुरे. तुझ्या नावाची आहे, तू खा. लेकीने नको म्हटलंय."

पंगतीत हशा पिकला. आत्या आधी फुरंगटली, मग तीही हसली आणि जिलबी खाऊन टाकली. गोदा केव्हाच उठली होती. ती पोरींच्या घोळक्यात पोचली, तिथून तिचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता, आणि तिच्या आईने तिला एकदाही "हळू" म्हटलं नाही.

शिष्येने परत येऊन सगळं सांगितलं. वैद्यबाई ताठ बसून ऐकत राहिल्या.

"आता सांग, रोगी कोण होता?"

"आईबाप दोघं, बाई," शिष्या म्हणाली. "आणि तिसरी मी."

पोट भरलं हे सांगायचं काम लेकराचं. ते ऐकायचं काम आईबापांचं; तेवढं एक काम कोणतंही औषध करत नाही.