व्हाळावरून आलेला पाहुणा

सह्याद्रीच्या पायथ्याला वेळशेत नावाचं गाव आहे. गावामागून एक ओढा वाहतो, तिकडे त्याला व्हाळ म्हणतात. त्या व्हाळाच्या काठी झावळ्यांच्या खोपीत महाराज राहत. ते कुठून आले हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. गाव त्यांना व्हाळावरचे महाराज म्हणे, आणि तेवढ्या नावावर त्यांचं छान भागत होतं.

पूर ओसरला की महाराज गुडघाभर पाण्यात उतरत. वाहून आलेली लाकडं ओढून काढत आणि खोपीच्या सावलीत भिंतीला टेकवून उभी करत. "पाहुणे आलेत," असं म्हणत. "लांबून आलेत. आधी बसू द्या, मग कामाला लावा." वर्षभर त्या लाकडाला हत्यार लावायचं नाही, असा त्यांचा दंडकच होता.

महाराजांचा एक भोळा भक्त होता, सगुण चितारी. पिढ्यान्‌पिढ्या या घराचं काम लाकडाला रंगरूप द्यायचं. महाराज एकदा त्याला म्हणाले होते, "सगुणा, उभ्याला पाडू नकोस. पडलेल्याला उठव." सगुणने ते शब्द गाठीला बांधले ते कायमचे. वादळात पडलेला पांगारा, वीज पडून तुटलेली आंब्याची फांदी, व्हाळातले पाहुणे, एवढ्यातूनच तो राघू, नंदी, द्वारपाल घडवी. वर चिंचोक्याच्या खळीचा हात, मग तांबडा गेरू, पिवळा हरताळ, नीळ. वेडीवाकडी फांदी तो दिवसदिवस हातात फिरवत बसे आणि एकदम हसून म्हणे, "गावलो! ह्यो मोर."

गावात दुसरा कारागीर विश्राम मिस्त्री. हात असा की त्याच्या रंध्याखालून निघालेल्या फळीवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो जागचा हलू नये. पण त्याला सरळसोट ताजा ओंडकाच लागे, आणि वाकड्या लाकडाचा त्याला असा तिटकारा की सगुणच्या कामाच्या मांडवाला तो 'सरपणाचं दुकान' म्हणायचा. हा तिटकारा कुठून आला ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

वेळशेतच्या ग्रामदेवाला दर बारा वर्षांनी नवा लाकडी घोडा लागतो. तो घडवून, रंगवून देण्याचा मान चिताऱ्यांच्या घरचा. घोड्याचा उजवा पुढचा पाय गुडघ्यात वाकवून उचललेला हवा, आणि तो एकसंध लाकडाचा हवा, कारण मिरवणुकीत घोडा डोक्यावर धरून उडवतात तेव्हा सांधलेला गुडघा निखळतो. सगुणचा घोडा झाला, रंगला, पाठीवर झूल चढली. पण आपसूक वाकलेलं तसं लाकूड काही मिळेना. जत्रा आठ दिवसांवर आली तरी घोडा तीन पायांवरच!

गावकरी, मानकरी जमले. जत्रेच्या दुपारपर्यंत घोडा पुरा झाला नाही तर मान मिस्त्र्याकडे जाईल, तोही कायमचा, असं ठरलं. विश्रामने तर उभा फणस तोडून आपला घोडा तयारही ठेवला होता. तो मुद्दाम सगुणच्या मांडवात आला.

"सगुणा, देवाक तीन पायांच्या घोड्यार बसवतलस काय रे? चवथो पाय काय व्हाळ हाडून देतलो?"

माणसं खो खो हसली. सगुण मान खाली घालून म्हणाला, "देतलो, मिस्त्री. महाराज म्हणतत, पावणो वाटेर आसा."

आता मार्गशीर्षात व्हाळाला पाणी ते किती? पायाचा घोटा बुडेल न बुडेल. त्यातून लाकूड वाहून येणार म्हणजे कमालच! हसणाऱ्यांचं तरी काय चुकलं? सगुणची बायको मात्र त्या दिवसापासून धड जेवली नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी विश्राम व्हाळावर तोंड धुवायला वाकला होता. पायाला काहीतरी लागलं. पाहतो तर शेवाळाने माखलेलं फणसाचं लाकूड! त्याने ते पायाने ढकलून दिलं. तोंड धुऊन होतंय तोच ते पुन्हा घोट्याला येऊन टेकलं. त्याने जोरात लाथाडलं. ते गेलं, वळलं आणि संथपणे परत आलं. मग त्याने ते उचललं, आणि त्याच्या हाताला जे कळायचं ते कळलं. आतून खडखडीत वाळलेलं, मधोमध गुडघ्यासारखं वाकलेलं. हाच घोड्याचा चौथा पाय, हे अख्ख्या गावात ओळखू शकणारी माणसं दोनच होती, सगुण आणि तो.

विश्रामने चहूकडे पाहिलं. लाकूड ओल्या पंच्यात गुंडाळून घरी आणलं आणि पडवीतल्या भुशाच्या ढिगात पुरलं. एकच दिवस काढायचा होता.

उन्हं वर आली तेव्हा अंगणात महाराज उभे! आजवर ते या अंगणात कधी आले नव्हते.

"विश्रामबुवा, पाहुणा तुमच्याकडे उतरलाय ना?" महाराज म्हणाले.

"माझ्याकडे कोण इलो नाय, महाराज."

महाराज रागावले नाहीत. ओट्यावर टेकत म्हणाले, "तीस वर्षांचा प्रवास करून आलाय हो. ओला असेल. जरा अंग तरी पुसा त्याचं."

तीस वर्षं! विश्राम पडवीत गेला. लाकूड काढून पंच्याने पुसू लागला. शेवाळ निघालं आणि एका टोकाला तिरकी खोल खाच दिसली. खाचेशेजारी तापल्या सळीने डागलेलं बेलाचं पान होतं. विश्रामने त्या पानावरून बोट फिरवलं.

ते पान त्याचंच होतं. पंधराव्या वर्षी बापाने त्याला पहिलं काम दिलं होतं, आपसूक वाकलेल्या फणसाच्या फांदीतून खोतांच्या आरामखुर्चीचा हात. त्याने हौसेने आपली खूण डागली आणि मग खाच मारताना पटाशी तिरकी गेली. बापाने चार माणसांसमोर ते लाकूड पुराच्या व्हाळात भिरकावलं. "सरपणाच्याय लायकीचा नाय!" लाकूड खाडीला गेलं, खाडीतून समुद्राला. त्या दिवसापासून विश्रामने वाकड्या लाकडाला हात लावला नव्हता. आणि समुद्राला गेलेलं ते लाकूड आज डोंगराच्या बाजूने, घोटाभर पाण्यातून त्याच्या पायाशी आलं होतं!

तो लाकूड खांद्यावर घेऊन बाहेर आला. महाराज पुढे चालू लागले. भर रस्त्याने, लोक पाहत असताना, विश्राम मिस्त्री 'सरपणाच्या दुकानात' शिरला.

सगुणने लाकूड हातात घेतलं आणि घोड्याच्या छातीशी नेलं. ती तिरकी खाच छातीतल्या खुंटीवर अशी बसली की पटाशी फिरवायचं कामच उरलं नाही. सगुणच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मिस्त्री, ही खाच कोणी मारली? माका जमली नसती."

"मी मारलंय," विश्राम म्हणाला. "चुकान मारलंय, सगुणा. पंधरा वर्सांचो होतंय. बापाशीन फेकून दिल्यान... आणि आज मी लपवन ठेवलंय."

महाराज हसले. "चुकली नव्हती, बाळ," ते म्हणाले, "लवकर झाली होती."

तीस वर्षांत विश्रामला कुणी बाळ म्हटलं नव्हतं. त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो लहान मुलासारखा रडला. महाराजांनी त्याला उठवलं. "माझ्या काय पाया पडतोस? ज्याने पडलेलं लाकूड कधी टाकलं नाही, त्याच्या पड." विश्राम वळला आणि सगुणपुढे वाकला. सगुण बिचारा लाजून मागे सरकत घोड्याच्या पोटाखालीच गेला, तेव्हा महाराजांसकट सगळे हसले.

दुपारच्या उन्हात खळ वाळली, दुसऱ्या दिवशी सकाळी रंग चढला. बेलाच्या पानावर मात्र सगुणने रंग दिला नाही. मिरवणुकीत घोडा डोक्यावरून उडाला तेव्हा ते पान सगळ्या गावाने पाहिलं. विश्रामने तोडलेल्या फणसाचा घोडा महाराजांच्या खोपीच्या सावलीत भिंतीला टेकवून उभा होता. विश्राम स्वतःच त्याला तिथे घेऊन गेला होता आणि हात जोडून म्हणाला होता, "महाराज, ह्योय पावणोच. वर्सभर बसांदे."