टाच कशावर आणायची?

सोलापुरात हणमंत काटवटे नावाचा रंगकामाचा ठेकेदार होता. बिल्डर बागमारशेठ वर्षभर त्याचं बिल देत नव्हते, त्यामुळे तीस रंगाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे हणमंताकडून थकले. अखेर वसुली अधिकारी पेडणेकर त्याचा टेम्पो जप्त करायला थेट बांधकामावर आले. टेम्पो गेला तर धंदाच बसणार होता.

शेठना मात्र चेव चढला. "साहेब, याचे अठरा लाख माझ्याकडे आहेत," ते मिशीत हसत म्हणाले. "पण देईन माझ्या सवडीनं. कोण काय करणार?"

हणमंतानं हात जोडले. "साहेब, हा खटारा विकून लाखभरसुद्धा यायचे नाहीत. माझी खरी मालमत्ता शेठकडे आहे, त्यांनी आत्ताच तुमच्यासमोर कबूल केलं. टाच तिच्यावर आणा. माझ्या रंगाऱ्यांचे सहा लाख परस्पर वसूल करून घ्या."

पेडणेकरांनी टेम्पोकडे पाठ फिरवली आणि शेठच्या नावानं नोटीस लिहायला घेतली.

शेठनी घाईघाईनं हणमंताला बाजूला ओढलं. "अरे, घरातली गोष्ट घरात मिटवू!"

"मिटवू की शेठ," हणमंत म्हणाला, "उरलेले बारा लाख आहेतच आपल्या घरातले."