हाडं वेचणारी कोंडाई

पणजीची पणजी परकरात होती, तेव्हाची ही गोष्ट. कातळवाडीत कोंडाई नावाची बाई होती. शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पिकं राखायची. तिचा दगड कधी चुकला नाही, असं म्हणतात.

तिचा नवरा गोंदा मध काढायला डोंगरात गेला, तो परतलाच नाही. गावानं दऱ्या धुंडाळल्या. ना माणूस, ना चिंधी. मग जुन्या चालीप्रमाणं गवताचा गोंदा केला. बायकोनं बांगड्या फोडायच्या, मग तो जाळायचा.

कोंडाई म्हणाली, "गवतासाठी मी रंडकी व्हायची नाय. त्याचं हाड दाखवा, मग फोडते."

"अगं अवदसे," सासू ओरडली, "माझ्या पोराचा जीव लटकवलास की अधांतरी!"

"आत्याबाई, तो जिता असला तर? जित्याला जाळताय तुम्ही."

गवताचा गोंदा चावडीत पडून राहिला. वारा नसताना त्याचा हात हलायचा, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी जवळ जाऊन बघितलं का, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्याच थंडीत ते पाखरू आलं. घारीच्या चौपट, पोट गंजलेल्या लोखंडासारखं, आणि चोचीखाली चक्क दाढी. भर दुपारी त्याची सावली घरांवरून गेली की कुत्री भुंकायची थांबायची. ते हाड घेऊन उंच जायचं आणि कातळावर सोडायचं. खाड! मग उतरून तुकडे गिळायचं.

उत्तरेकडून आलेला एक गोसावी ते बघून जागीच थबकला. म्हणाला, "हा बर्फातला. तिकडं हाडं फोडून खातो. इतक्या खाली आलेला कधी ऐकला नाही."

गाव म्हणालं, हा गोंदाच. अग्नी मिळाला नाही म्हणून हाडं गोळा करत फिरतोय.

पाटील म्हणाले, "कोंडे, तुझ्या हट्टापायी आलाय. उचल गोफण, पाड त्याला."

"नाय पाडणार. साऱ्या गावाला जे गावलं नाय, ते त्याला गावेल."

ती कातळावर जाऊन बसली. पडलेलं प्रत्येक हाड उचलायची, निरखायची. "शेळीचं. गाईचं. सांबराचं." असं मोठ्यानं सांगून पाखराकडं टाकायची. पाखरू हातभर अंतरावर बसून वाट बघायचं. बायका त्या वाटेनं पाण्याला जाईनात. गोंदाचा हात लहानपणी मोडून वाकडा जुळला होता. कोंडाई ते हाड शोधत होती, आणि ते येऊ नये म्हणून देवीला नवसही बोलत होती.

एके दिवशी पाखरू ठिपक्याएवढं होईपर्यंत वर गेलं. हाड सुटलं, कातळावर पडलं, पण फुटलं नाही. आवाजसुद्धा झाला नाही, असं म्हणतात. कोंडाईनं ते उचललं. वाकड्या जागेवरून अंगठा फिरवला. कोणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

पाखरू उडालं. ती त्याच्या सावलीमागं चालत गेली. एका कड्याखाली सावली थांबली. कोंडाई आली ती पदरात नवरा घेऊन. चावडीपुढं पदर सोडला, आपल्या हातानं बांगड्या फोडल्या आणि म्हणाली, "आता गेला."

पाखरू पुन्हा कुणाला दिसलं नाही.

कातळवाडीत अजूनही कुणा बाईचा नवरा हरवला, तर तिच्या बांगड्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. गाव तिच्या दारात जातं आणि विचारतं, "कोंडाईची आण, गेला का?" ती नाही म्हणाली, तर त्या माणसाचं ताट गावानं पाळीपाळीनं वाढायचं, ती नाही म्हणत राहील तोवर. आज वाडीत अशी दोन ताटं चालू आहेत. वाढलेलं सकाळी कधी तसंच असतं, कधी नसतं. कोण जेवलं, ते विचारायचं नसतं.